अकरानंतर या

"दोघेच?"

"दोघेच."

दर शुक्रवारी सकाळी दहाला फाटकाच्या गजांपलीकडून लेफ्टनंट इबान्येस एवढंच विचारायचा, आणि गजांच्या अलीकडून मी एवढंच सांगायचो. माझ्या शेजारी रादका उभी असायची, एप्रनला हात पुसत. तो एकदा तिच्याकडे बघायचा, एकदा माझ्याकडे, आणि वहीत लिहायचा: दोघे. मग टोपीला हात लावून निघायचा. जेमतेम चोवीस-पंचवीसचा असेल. मिशी ठेवायचा प्रयत्न चालला होता, पण मिशीच्या मनात नव्हतं.

ते घर बल्गेरियाच्या वकिलातीचं. दक्षिण अमेरिकेतल्या ज्या देशात ते होतं त्याचं नाव मी सांगणार नाही. त्या लेफ्टनंटचं कुणी तिथे अजून असेल. तिथे लष्करानं सत्ता बळकावली आणि आठ दिवसांत बल्गेरियानं संबंध तोडले. राजदूत, त्यांची माणसं, त्यांचं कुत्रं, सगळे विमानानं गेले. दोन देशांनी अशी कट्टी घेतली की घराच्या किल्ल्या दोघांशीही बोलणाऱ्या तिसऱ्या देशाकडे द्यायच्या, असा शिरस्ता आहे. तो तिसरा देश म्हणजे आपण. आणि आपल्या वकिलातीतला बिनलग्नाचा, कुठेही टाकला तरी हूं की चूं न करणारा असिस्टंट म्हणजे मी, रामनाथ केरकर, मुक्काम फोंडा, गोवा. मी पोर्तुगीज शाळेत शिकलेला. पोर्तुगीज येतं त्याला स्पॅनिश येणारच, असं दिल्लीत कुणालातरी वाटलं आणि माझी रवानगी झाली होती.

घर रिकामं राहिलं तर सैनिकांना आत शिरायला निमित्त मिळेल, म्हणून कुणीतरी सतत तिथे हवं होतं. आमचे राजदूत भल्लासाहेब म्हणाले, "केरकर, महिन्याभराचा प्रश्न आहे."

सरकारी काम अन् सहा महिने थांब, हे मला कोण शिकवणार! त्याआधी आठ वर्षं मी पासपोर्टाच्या खिडकीवर बसलो होतो. त्या खिडकीचं ब्रीदच मुळी 'उद्या या'. माझे वडील पोर्तुगीज अमदानीत कारकून होते, ते 'अमान्यां' म्हणायचे. मी त्यात स्पॅनिशमधलं 'मान्याना' मिळवलं. मराठी धरून तीन भाषांत मी माणसाला उद्यावर टाकू शकायचो, आणि खरं सांगतो, मला त्याचं काडीमात्र वाईट वाटत नसे.

किल्ल्या घेताना एक यादी झाली. खुर्च्या, पडदे, चमचे एकशे चव्वेचाळीस, गुलाबाच्या मुरंब्याच्या बाटल्या साठ. शेवटची ओळ माणसांची. 'इमारतीत दोन व्यक्ती: रादका, स्वयंपाकीण, बल्गेरियन नागरिक, सामानाची खोकी बोटीनं रवाना होईपर्यंत, आणि रामनाथ केरकर.' खाली तीन देशांच्या सह्या. आपल्यातर्फे माझी. सही करताना मी प्रत्येक चमचा मोजला होता. तळघर मात्र रादकानं दारातूनच दाखवलं होतं.

तिसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात सूप पीत बसलो होतो, तर फरशीखालून कुणीतरी खोकलं.

मी चमचा खाली ठेवला. "रादका, तळघराला सर्दी झालीय का?"

ती पन्नाशीची, भरल्या अंगाची बाई. तोवर तिनं मला सेन्योर केरकर, मीठ कमी झालं का, यापलीकडे काही विचारलं नव्हतं. ती उठली, दार लावलं, आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"माझा नवरा आहे," ती म्हणाली. "तुम्ही फोन करणार असाल तर आत्ता करा. मला वाट बघायला लावू नका."

अन्सेल्मो त्या वकिलातीचा ड्रायव्हर. तिथलाच माणूस, ड्रायव्हरांच्या युनियनचा चिटणीस. ज्यांनी स्वतःहून हजर व्हायचं त्यांची नावं रेडिओवर वाचत होते, त्यात त्याचं नाव होतं. जे हजर झाले त्यांच्यातला कुणी अजून घरी आला नव्हता. रादका बल्गेरियन, तिला केव्हाही जाता आलं असतं. पण अन्सेल्मोच्या खिशात तिथल्याच देशाचं ओळखपत्र होतं, आणि बल्गेरियाच्या नागरिकाला आम्ही वाचवायचं असतं, त्या देशाच्याच नागरिकाला त्या देशापासून नाही. कायद्यानं तो आमचा कुणी लागत नव्हता. नवऱ्याला तिथे टाकून ही बाई जाणार नव्हती, म्हणून तिनं खोकी बांधायला उशीर लावला होता.

मी फोन केला नाही. फार मोठ्या मनाचा होतो असं नाही. सांगावं तर माझी सही खोटी ठरते, न सांगावं तर मीच गुन्हेगार ठरतो. इकडे आड तिकडे विहीर. मधल्या मध्ये उभा राहणं मला सवयीचं होतं, तसाच राहिलो.

दहा महिने राहिलो. फाटकाबाहेर पाऊल टाकायचं नाही. आठवड्याचं सामान आमच्या वकिलातीची गाडी सोमवारी आणून टाकायची. समोरच्या कोपऱ्यावर एक शिपाई सदा उभा, दुपारी फक्त दोन ते तीन जेवायला जायचा. रस्त्याकडचे पडदे बंद. माझ्या पावलांचा आवाज झाला तरच अन्सेल्मोनं चालायचं, मी नळ सोडला तरच त्यानं सोडायचा. कधी कधी तो चालावा म्हणून मी उगाच येरझारा घालायचो. बाहेर सुऱ्यांना धार लावणारा शिट्टी वाजवत जायचा, आणि मला त्याच्यामागे धावत सुटावंसं वाटायचं. मी कैदी नव्हतो हे मला पाठ होतं. पण कुलपाच्या आत राहून किल्ली खिशात असली तरी दम कोंडतोच.

संध्याकाळी मी तळघरात जायचो. अन्सेल्मो कोळशाच्या ढिगाशेजारी खुर्चीत बसलेला असायचा.

"बसा मागं," तो म्हणायचा. "कुठे जायचंय आज?"

"बंदरावर."

"बंदराचा रस्ता या वेळी तुंबतो. मार्केटमागून काढतो." आणि तो गाडी चालवायचा. हातात काही नाही, पायाखाली फरशी, पण वळणं एकही चुकायची नाहीत. "डावीकडे वळतोय, दार धरा. हे चर्च. हा माझा मेव्हणा, पुन्हा दारूच्या दुकानातून येतोय. हॉर्न देऊ का?"

"नको, लपलेले आहात तुम्ही."

"खरंच की." मग दोघं हसायचो, तोंडावर हात ठेवून. ते शहर मी एवढं हिंडलो ते त्या खुर्चीवरूनच.

एक मार्चला सकाळी रादकानं माझा हात धरला आणि मनगटाला लाल-पांढऱ्या लोकरीचा पीळ बांधला. तिच्याकडे त्याला मार्तेनित्सा म्हणतात. थंडी संपत आली की सगळ्यांनी बांधायचा, आणि पहिलं फुललेलं झाड किंवा पहिला करकोचा दिसला की सोडून त्या झाडाला बांधायचा. म्हणजे वर्ष सुखाचं जातं. आमच्याकडे अनंताचा दोरा बांधतात, तशातली गत. मला एकदम घर आठवलं.

"पण रादका, इथे मार्चमध्ये पानगळ सुरू होते," मी म्हणालो. "इथली झाडं फुलायची ऑगस्टात."

"मग ऑगस्टपर्यंत थांबायचं," ती म्हणाली. "नाहीतरी जायचंय कुठे?"

तिचा एक, माझा एक. अन्सेल्मोचा जरा जाड वळला होता, दुहेरी पिळाचा.

त्या शुक्रवारी लेफ्टनंटच्या नजरेला आमची मनगटं पडली. हे काय म्हणून त्यानं विचारलं. रादकानं सांगितलं आणि एप्रनच्या खिशातून एक जास्तीचा काढून गजांमधून पुढे केला.

"युनिफॉर्मवर चालत नाही, बाई," तो म्हणाला. पण घेतला. बोटांत फिरवून पाहिला. "एकदा बांधला की मध्येच सोडता येत नाही?"

"नाही. झाड फुलायला हवं."

"आणि नाहीच फुललं तर?"

रादका हसली. "झाडं फुलतात हो."

त्यानं दोरा मुठीत घेतला, वहीत 'दोघे' लिहिलं आणि गेला.

ऑगस्टच्या शेवटच्या गुरुवारी फाटकाजवळचं पीचचं झाड फुललं. एका फांदीला पाच-सहा गुलाबी फुलं, बस्स. रादका लहान मुलीसारखी तळघरात धावत गेली. तिघांचे दोरे घेऊन ती बाहेर गेली आणि त्या फांदीला बांधून आली. माझा तर मीच तिच्या हातात दिला होता. आम्ही मुरंब्याची बाटली फोडली आणि त्या आनंदात मला, चमचे मोजणाऱ्याला, साधं तीनपर्यंत मोजायचं सुचलं नाही. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

शुक्रवारी दहा वाजता लेफ्टनंट आला.

"दोघेच?"

"दोघेच."

त्यानं लिहिलं नाही. माझ्या खांद्यावरून तो मागे बघत होता.

"झाड फुललं," तो म्हणाला.

"फुललं," रादका म्हणाली.

"तीन आहेत."

शेजारी रादका एप्रनला हात पुसायची थांबली. आणि तोंडातून खोटं असं सफाईनं निघालं की माझं मलाच नवल वाटलं.

"तिसरा तुमचा," मी म्हणालो. "मार्चमध्ये तुम्ही घेतलात आणि कोपऱ्यावर टाकून दिलात. मी उचलून आणवला. बाईंनी तुमच्या नावानं बांधला."

लेफ्टनंटनं वही काखेत धरली. छातीवरच्या खिशाचं बटण काढलं. आतून ओळखपत्र काढलं, आणि त्याच्या मागून लाल-पांढरा दोरा काढून तळहातावर ठेवला. लाल थोडा विटला होता.

"मी टाकला नव्हता," तो म्हणाला.

कोपऱ्यावरचा शिपाई शेंगा सोलत होता.

"फाटक उघडा. फक्त झाडापर्यंत येतो."

त्याला आत यायचा हक्क नव्हता आणि मला नाही म्हणायची हिंमत नव्हती. तो आत आला, झाडापाशी उभा राहिला आणि तिन्हींतला जो जाड, लांबून उठून दिसणारा दोरा होता तो सोडू लागला. गाठ घट्ट होती, त्याला हातमोजा काढावा लागला. तो दोरा त्यानं आपल्या दोऱ्याबरोबर खिशात घातला आणि बटण लावलं.

"माणसं दोन, दोरे दोन," तो हळूच म्हणाला. "उद्या माझ्या जागी दुसरा आला तर तोही मोजेल."

"तुमचा तरी बांधा," रादका म्हणाली.

"माझा अजून नाही," तो म्हणाला. फाटकाबाहेर जाऊन त्यानं वहीत लिहिलं: दोघे.

तो गेल्यावर रादका स्वयंपाकघरात बसून रडली. झाडाला बांधलेला दोरा कुणी सोडू नये, मग तो ज्याचा त्याचं काही खरं नाही, असं तिच्याकडे मानतात. त्यानं अन्सेल्मोचा नेला होता. अन्सेल्मोला आम्ही हे सांगितलं नाही.

मला मात्र आता धीर निघेना. सोमवारी सामानाच्या गाडीतून भल्लासाहेब स्वतः आले होते. मी त्यांना सगळं सांगून टाकलं, लेफ्टनंटसुद्धा.

"मी हे ऐकलेलं नाही," ते म्हणाले आणि जिन्यावरच बसले. बराच वेळ चष्मा पुसत राहिले. मग म्हणाले, "तब्येत कशी आहे तळघरातल्याची?"

पुढचं त्यांनी केलं. सोफियाहून अन्सेल्मोला बल्गेरियन पासपोर्ट मिळाला. इथल्या लष्करी सरकारचं गव्हाचं एक जहाज काळ्या समुद्रावर बल्गेरियाच्या एका बंदरात कागदपत्रांच्या घोळात अडकलं होतं. ज्यांचे एकमेकांशी संबंधच नव्हते असे दोन देश महिनाभर भल्लासाहेबांच्या तोंडून एकमेकांशी बोलत होते. एक जहाज सुटणार, एक माणूस सुटणार, असं ठरलं. ऑक्टोबरातल्या एका शनिवारी साहेब कागद घेऊन आले. मंगळवारी सकाळी दहा वाजता, आपल्या गाडीतून, रादका आणि तिचा नवरा विमानतळावर. नावं दोन. खाली एक अट: तोवर इमारतीत आणखी कुणी आढळल्यास परवाना रद्द.

"त्यांच्या मंत्रालयातला कर्नल फार चिडला होता," साहेब जाता जाता म्हणाले. "म्हणाला, दहा महिने हा माणूस आत होता, मग शुक्रवारी फाटकावर मोजत कोण होतं?"

आम्ही आनंदात होतो. रादकानं मला मिठी मारली होती आणि अन्सेल्मो तळघरातून वर येऊन, दहा महिन्यांनी पहिल्यांदा, खऱ्या उजेडात उभा होता. तो प्रश्न माझ्या कानांवरून गेला, डोक्यात शिरला नाही.

सोमवारी दुपारी अडीचला घंटी वाजली.

रस्ता सामसूम होता. कोपऱ्यावरचा शिपाई जेवायला गेला होता. फाटकाशी एक पोरगा उभा होता, पांढरा सदरा, डोक्यावर काही नाही. टोपीशिवाय मी त्याला पटकन ओळखलंच नाही.

"सेन्योर केरकर," लेफ्टनंट म्हणाला, "मला आत घ्या."

मी गज धरले.

"चार वाजता बराकीत बोलावलंय. वही घेऊन." त्यानं हसल्यासारखं केलं. "माझ्या मित्रानं सांगितलं, जाऊ नकोस."

आता कुठे कर्नलचा तो प्रश्न माझ्या डोक्यात शिरला. अन्सेल्मोला सोडवणाऱ्या कागदानंच याला पकडून दिलं होतं. चाळीसएक शुक्रवार यानं 'दोघे' लिहिलं होतं, आणि निदान शेवटचे सात तरी तीन माहीत असताना.

माझ्यामागे घरात रादका अन्सेल्मोचा एकुलता एक सदरा इस्त्री करत होती. गरम कापडाचा वास फाटकापर्यंत येत होता. किल्ली माझ्या खिशात होती. कुलूप उघडायला किती वेळ लागतो? पण शिपाई तीनला येणार होता. चारला हा बराकीत दिसला नाही की पहिला शोध इथेच होणार होता. इमारतीत आणखी कुणी आढळल्यास परवाना रद्द. दहा महिने जपलेला माणूस उद्या दहाऐवजी आज रात्रीच त्यांच्या हातात जाणार होता. मला हे सगळं दिसत होतं. आणि त्याचा चेहराही दिसत होता, एका हातावर.

"उद्या या," मी म्हणालो.

त्यानं नीट ऐकू न आल्यासारखं माझ्याकडे पाहिलं.

"दहाला ती दोघं निघतील. अकरापर्यंत विमान उडेल. अकरानंतर या. मी स्वतः फाटक उघडतो. शप्पथ घेऊन सांगतो. आजची रात्र कुठेतरी काढा."

"उद्या," तो म्हणाला.

खिडकीसमोरची माणसं अशीच बघायची. आठ वर्षं ती नजर माझ्यासमोर होती आणि मी कागदाकडे बघत असायचो. त्या दिवशी समोर कागद नव्हता.

त्यानं विनवण्या केल्या असत्या तर कदाचित मी उघडलं असतं. त्यानं केल्या नाहीत. इस्त्रीचा वास त्यालाही येत असावा. "अकराला," तो म्हणाला. टोपी नव्हती तरी हात कपाळाशी नेला, आणि भिंतीच्या कडेकडेनं निघून गेला.

मी आत आलो. कोण होतं, रादकानं विचारलं. "पत्ता चुकलेला माणूस," मी म्हणालो. अन्सेल्मोला सांगितलं असतं तर त्यानं धावत जाऊन फाटक उघडलं असतं. हे मला पक्कं माहीत होतं, म्हणूनच सांगितलं नाही.

मंगळवारी सकाळी मी गाडीसाठी फाटक उघडायला गेलो, तर कुलपाशेजारच्या गजाला दोन दोरे बांधलेले होते. एक जाड, दुहेरी पिळाचा. एक विटक्या लाल रंगाचा. म्हणजे शिपायाची नजर चुकवून तो पुन्हा एकदा येऊन गेला होता, आणि घंटी न वाजवता गेला होता.

जाड दोरा मी गाडीत रादकाच्या हातात दिला. "लेफ्टनंटनं परत केलाय."

तिनं तो डोळ्यांना लावला. "गुणी पोरगा. आणि त्याचा?"

"त्याचा त्याच्याकडे," मी म्हणालो. तो माझ्या खिशात होता.

अन्सेल्मो मागच्या सीटवर बसला होता. आयुष्यात पहिल्यांदा मागे बसतोय, म्हणाला. गाडी वळली तेव्हा त्यानं ओरडून सांगितलं, "केरकर, दार धरा!"

अकरा वाजता मी फाटक सताड उघडलं. संध्याकाळी संचारबंदीचा भोंगा वाजेपर्यंत तिथे खुर्ची टाकून बसलो. दुसऱ्या दिवशीही. शुक्रवारी दुसरा अधिकारी आला, जाडजूड, चाळिशीचा. "एकटेच?" त्यानं विचारलं. मी म्हणालो, एकटाच. इबान्येसचं काय झालं हे मी त्याला विचारलं नाही. भल्लासाहेबांनी खूप ठिकाणी विचारलं. त्या नावाचा अधिकारी आमच्याकडे कधी नव्हता, असं उत्तर आलं.

त्या घरात मी आणखी दोन वर्षं काढली. सोयीचं म्हणाल तर मला तिथून बदली मिळत होती. मी घेतली नाही.

आता फोंड्याला असतो. फेब्रुवारीत रादकाचं पाकीट येतं, आत एक दोरा असतो. अन्सेल्मो पंच्याऐंशीचा झालाय आणि कुणाला गाडीला हात लावू देत नाही, असं लिहिते. इथे एक मार्चला दारचा आंबा मोहरलेलाच असतो, म्हणून मी दोरा सकाळी बांधतो आणि चहा झाला की सोडतो. खालच्या शेतात करकोचेही उतरतात. पण कपाटातल्या डबीत तो जुना विटका दोरा आहे, तो मी कुठल्या झाडाला बांधलेला नाही. तो माझा नाही. ज्याचा आहे तो 'अजून नाही' म्हणाला होता.

सकाळी अकराला मी अंगणाचं फाटक उघडून ठेवतो. शेजारच्या सुलभाताई विचारतात, "काका, रोज कोण यायचंय?"

"एकाला या म्हटलंय," मी सांगतो.

"कधी?"

"उद्या," मी म्हणतो, आणि फाटकाला दगड लावतो, वाऱ्यानं मिटू नये म्हणून.